नियम एक, घरात माणसं सहा: दीड ते सहा वर्षांच्या मुलांना शिस्त लावताना एकवाक्यता कशी ठेवायची?

बालवाडीताई (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

बालवाडीत जे पोरगं आपली चप्पल आपण रॅकमध्ये ठेवतं, डबा स्वतःच्या हातानं संपवतं, तेच घरी गेल्यावर चप्पल उंबऱ्यात भिरकावतं आणि आजीनं भरवल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, 'ताई, तुमचं ऐकतोय, आमचं का ऐकत नाही?' यात ताईंची काही कमाल नाही. वर्गात मोठी माणसं दोनच, ताई आणि मावशी, आणि दोघी एकच वाक्य बोलतात. घरात सहा माणसं आणि सहा वाक्यं. कोणाकडे काय खपतं याचा हिशेब पोरांना फार लवकर जमतो.

म्हणून हा धागा. 'प्रेमानं समजवा' छापाचे सल्ले नकोत. काय बोलायचं, किती वेळ थांबायचं, कुठं गळतं ते लिहा. सुरुवात मी करते.

नियम तीन ठेवा, फार तर चार. निवडताना कसोटी एकच लावा: घरातल्या सगळ्यात दमलेल्या माणसाला, त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी तो पाळून घेता येईल का? बाबा तिसरी पाळी करून सकाळी आलेत, आजीचे गुडघे धरलेत, आईची स्वयंपाकाची घाई आहे. अशा वेळी जो टिकणार नाही तो नियम यादीत घेऊच नका. दहा नियम करून सहा मोडू दिले, तर उरलेल्या चारांनाही किंमत राहत नाही.

नियम डोळ्यांना दिसला पाहिजे. 'पसारा करायचा नाही' याची हद्द कुणालाच माहीत नसते. 'जेवायला बसायच्या आधी गाड्या टोपलीत' हे कुणीही बघून सांगू शकतं, झालं की नाही. आणि वाक्य ठरवून घ्या, अगदी शब्दन् शब्द. आई म्हणते 'गाड्या टोपलीत', बाबा म्हणतात 'आवर ते सगळं', आजोबा म्हणतात 'कोण आवरणार हे?' अडीच वर्षांच्या मुलाला या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात. वाक्य फ्रिजवर चिकटवा. ते पोरासाठी नाही, मोठ्यांसाठी.

पेठकर

ताई, पटलं सगळं. पण खरं दुखणं वेगळंच हाय. आईबापानं 'नाही' म्हटलं की पोरगं सरळ आजीकडं पळतंय, आणि आजी 'दे की रे, लेकरू हाय ते' म्हणून बिस्किटाचा पुडाच हातात ठेवती. आता आजीला नियम कोण सांगणार? घरात महाभारत नको व्हायला.

वर्तनवही (समुपदेशक)

पेठकर, आजीकडे येतेच, पण आधी यंत्रणा कशी चालते ते कळायला हवं. नाहीतर आजीला काय सांगायचं हेच कळणार नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली. कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल आणि तो अचानक बंद झाला, तर प्राणी लवकर नाद सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तो बंद झाल्यावरही कितीतरी वेळ कळ दाबतच राहतो. पोराच्या रडण्याचंही तसंच. रोज बिस्कीट मिळणाऱ्या मुलाची सवय मोडणं त्यामानानं सोपं. पाचातल्या चार वेळा 'नाही' आणि पाचव्या वेळी कंटाळून 'घे बाबा' असं ज्या घरात होतं, तिथं ती सगळ्यात अवघड. म्हणजे अधूनमधून ढिलं सोडणं हे निम्मी शिस्त नसून उलट दिशेचं शिक्षण आहे.

यातून रोजच्या वापराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच द्या, हसून द्या. दहा मिनिटं रडल्यावर दिलंत तर पोर 'दहा मिनिटं रडायचं' एवढंच शिकतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही अकरा मिनिटं टिकलात तर बाराही शिकतं. दुसरी, नियम लागू केल्यावर वागणं आधी बिघडतं. रडणं वाढतं, आवाज चढतो, वस्तू फेकणं नव्यानं सुरू होतं. पूर्वी चालणारी युक्ती चालेना झाली की पोर तीच जोर लावून करून बघतं. बहुतेक घरं नेमकी इथंच हात टेकतात आणि 'हे आमच्या पोराला लागू पडत नाही' म्हणतात. खरं तर ते लागू पडायला लागल्याचं लक्षण असतं. त्या टप्प्यावर माघार घेतली तर आधीपेक्षा मोठं रडं पक्कं होतं.

म्हणून सुरुवातीचा आठवडा बघून निवडा. घरात लग्न, परीक्षा, पाहुणे, नवं बाळ यातलं काही असेल तर थांबा. आणि एका वेळी एकच नियम लागू करा, तिन्ही एकदम नाही.

पेठकर

म्हणजे कंटाळून दिलेलं बिस्कीट सगळ्यात महाग पडतंय म्हणा की.

शाहूपुरीची_सून

+१. वर्तनवही, 'नाही' म्हटल्यावर पोरगं पाय आपटत लोळत असताना मोठ्या माणसानं नेमकं करायचं काय, हेही लिहा. नुसतं 'दुर्लक्ष करा' म्हटलं की लोक खोली सोडून जातात, नाहीतर तोंड फिरवून कुढत बसतात.

वर्तनवही

बरोबर. दुर्लक्ष वागण्याकडे करायचं, पोराकडे नाही. त्याच खोलीत राहा. दोन हातांच्या अंतरावर, हातात काहीतरी काम घेऊन. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. एकदाच सांगा, 'रडणं थांबलं की आपण बोलू,' मग तोंड बंद. नजरेला नजर नाही, उसासे नाहीत, 'बघ कसा करतोय' म्हणून दुसऱ्याला दाखवणं नाही. पोराजवळून टोकदार, काचेचं काही असेल तर गुपचूप उचलून ठेवा. रडण्यात खंड पडला, अगदी श्वास घ्यायला थांबलं तरी, लगेच वळा आणि साधं काहीतरी बोला, 'ये, ही मटार सोलायला मदत कर.' ही वळण्याची वेळ चुकली की सगळं फुकट जातं. पोर गप्प झाल्यावर 'हुश्श, आता पडून राहू दे' म्हणून दहा मिनिटं बघायचंच नाही, ही नेहमीची चूक.

मारणं, चावणं, रस्त्यावर पळणं, गॅसकडे हात, यांच्याकडे दुर्लक्ष चालत नाही. तिथं लगेच हात धरायचा.

तालमीतले_आजोबा

एवढा व्याप कशाला म्हणतो मी? एक रट्टा दिला की पोरगं गप गुमान बसतंय. आमच्या पिढीला काय शिस्त नव्हती?

बालरोग_राजारामपुरी

आजोबा, गप्प बसतं हे खरं. म्हणूनच तर रट्ट्याची सवय मोठ्यांना लागते, कारण बक्षीस लगेच मिळतं. पण या धाग्याच्या विषयापुरतं बघा. रट्टा नियमाला चिकटत नाही, माणसाला चिकटतो. आजोबा घरात असले तर गाड्या टोपलीत, आजोबा कट्ट्यावर गेले की गाड्या सोफ्याखाली. मारणाऱ्याचा धाक बसतो आणि न मारणाऱ्या आईचं वजन आणखी घटतं. शिवाय 'काय करू नये' एवढंच कळतं, 'काय करावं' ते नाही. सवय झाली की कालचा रट्टा आज पुरत नाही, जोर वाढवावा लागतो. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०१८ साली याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. शाळेत जे गुरुजींना चालत नाही ते घरात आपण का चालवावं?

आणि एक विनंती सगळ्यांनाच. 'रडलास तर डॉक्टर सुई टोचतील' हे बंद करा. लसीकरणाला आलेलं पोर दारातच का किंचाळतं, याचं निम्मं कारण ते वाक्य आहे. पोलीस, बागुलबुवा, भंगारवाला यांचंही तेच. ती धमकी कधीच खरी होत नाही. चौथ्या वर्षी पोराला ते कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या शब्दालाही ते त्याच मापानं मोजतं.

तालमीतले_आजोबा

सुईचं मात्र बरोबर हाय डॉक्टर. सूनबाईला सांगतो.

बालवाडीताई

आता आजीचा प्रश्न. आजीला 'बिस्कीट देऊ नका' सांगितलं की तिचा मान जातो, आणि ती लपवून देते. लपवून दिलेलं सगळ्यात वाईट, कारण त्यात पोर घरातल्या दोन माणसांत चोरवाट शोधायला शिकतं. त्यापेक्षा बिस्कीट आजीच्याच ताब्यात द्या, पण वेळ आणि माप ठरवून. दुपारी चारला, बशीत, दोन. डबा आजीच्या कपाटात. आईकडे मागितलं तर आईचं उत्तर 'ते आजीचं, चार वाजता.' सकाळी अकराला आजीकडे मागितलं तर आजीचंही तेच. आजीचा हक्क राहिला, नियमही झाला. चारचं घड्याळ मुलाला कळत नसेल तर खूण द्या: आजोबांचा चहा झाला की.

हे ठरवायला घरातल्या मोठ्यांची एक बैठक लागते. पोर झोपल्यावर, वीस मिनिटं, चहा घेऊन. विषय 'पोर कसं बिघडलंय' हा नाही, त्यात सगळे एकमेकांवर घसरतात. प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, 'मला हे अजिबात सहन होत नाही.' आजीला ताटात उरलेलं अन्न, बाबांना मारणं, आईला रात्रीचा गोंधळ. त्यातले तीन नियम निघतात. प्रत्येकाची एक तरी गोष्ट यादीत असली की पाळण्यात प्रत्येकाचा जीव असतो. सुनेनं एकटीनं ठरवून सासूबाईंना वाचून दाखवलेली यादी आठवडाभरही चालत नाही.

वर्तनवही

ताईंच्या बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवा.

एक, ज्यानं 'नाही' म्हटलं त्यानंच ते शेवटपर्यंत न्यायचं. दुसऱ्यानं मध्येच 'जाऊ दे गं' म्हणायचं नाही, आणि 'अजून रागव त्याला' असं तेलही ओतायचं नाही. पटलं नसेल तर रात्री बोला, पोराच्या कानाआड. त्याच्यासमोर नियम बदलायचा असेल तर ज्यानं लावला त्यानंच बदलायचा.

दोन, माणूस बदलायची खूण. रागाचा पारा चढलेला माणूस नियम नीट चालवू शकत नाही, म्हणून हातपालट लागते. एखादं साधं वाक्य ठरवा, समजा 'चहा ठेवू का?' त्याचा अर्थ, तू बाजूला हो, मी बघतो. आत आलेल्यानं तेच वाक्य, तोच नियम पुढे चालवायचा. नवा माणूस आला म्हणून नवा सौदा नाही.

एमआयडीसी_बाबा

गोकुळ शिरगावात पाळ्या करणाऱ्यांचं काय? दर आठवड्याला वेळ बदलती. पोरगं जागं असताना भेट रविवारीच.

वर्तनवही

दादा, मग घड्याळ सोडा, क्रम धरा. 'नऊला झोप' हा नियम तुमच्या पाळीत कोलमडेल. 'जेवण, दात, गोष्ट, दिवा बंद' हा क्रम कुठल्याही पाळीत चालतो. तुम्ही घरी असाल त्या दिवशी त्यातला एक तुकडा कायमचा तुमचा ठेवा, म्हणजे गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप सांगितली आहे, एक-दोन वर्षांच्याला ११ ते १४. बाबा दुसऱ्या पाळीहून येईपर्यंत पोराला जागं ठेवलं तर ही झोप भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची निम्मी 'बेशिस्त' तिथूनच येते. भेटायचं ते सकाळी भेटा.

रविवारचा धोका वेगळा. सहा दिवस पोर दिसलं नाही म्हणून सातव्या दिवशी मटणापासून मोबाईलपर्यंत सगळं माफ. मटण द्या की, तांबडा-पांढरा झेपेल तेवढा. पण तीन नियम रविवारीही तेच. नाहीतर सोमवारी आई आपोआप खलनायिका ठरते.

शाहूपुरीची_सून

सांगायचं कसं यावरही लिहा कोणीतरी. स्वयंपाकघरातून पाच वेळा ओरडणं हीच पद्धत सगळीकडे दिसते.

बालवाडीताई

ओरडून सांगितलेल्या पहिल्या चार वेळा पोर ऐकत नाही, कारण पाचवीलाच तुम्ही उठता हे त्याला पाठ असतं. तुमचा नियम 'पाचव्या हाकेला' असाच आहे, फक्त तो तुम्ही कधी बोलून दाखवलेला नाही.

रीत अशी. हातातलं काम खाली ठेवा. जवळ जा, हात पोचेल एवढं. गुडघ्यावर बसा, नाव घ्या, त्याची नजर वर येईपर्यंत थांबा. मग एकच गोष्ट, आणि 'करू नको' ऐवजी 'कर'. 'पळू नको' म्हटलं की तीन वर्षांच्या मुलाच्या पदरात 'पळ' एवढंच पडतं. 'चालत ये' म्हणा. प्रश्न विचारू नका. 'जेवायला येतोस का?' याला 'नाही' हे अगदी रास्त उत्तर आहे आणि मग तुम्हीच चिडता. 'चल, हात धुवायचे.'

सांगून झालं की मनात पाच अंक मोजा. गप्प. या पाच सेकंदांत बहुतेक मोठी माणसं पुन्हा बोलतात आणि पोराचं डोकं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हललं नाही तर दुसऱ्यांदा, पुढचं काय ते जोडून: 'गाड्या टोपलीत टाकल्यास की ताट वाढते. नाही टाकल्यास तर त्या उद्यापर्यंत कपाटावर.' पुन्हा पाच. मग बोलणं संपलं. उठा आणि गाड्या कपाटावर ठेवा, शांतपणे, भाषण न देता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत द्यायच्या. आठवडाभर जप्त केलेल्या गाड्यांचा तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी कशाशीच संबंध उरत नाही, आणि आई चौथ्या दिवशी विसरते ते वेगळंच.

केलं तर लगेच बोला, आणि काय केलं ते नाव घेऊन बोला. नुसतं 'शाब्बास' हवेत विरतं. 'एका हाकेत आलास' हे त्याला पुन्हा करता येतं. दिवसभरात टोकण्यापेक्षा अशी वाक्यं जास्त झाली पाहिजेत. शिस्तीच्या मागे लागलेल्या घरात नेमकं उलटं असतं.

पेठकर

रंकाळ्यावर काय करायचं? चौपाटीवर फुगेवाला दिसला की नियम-बियम सगळं तळ्यात. आणि चार लोक बघत असतात.

वर्तनवही

लोक बघतात म्हणूनच तिथं माघार होते, आणि पोराला ते पक्कं माहीत असतं. चौपाटीचा नियम घरातच ठरतो, चपला घालताना. 'आज एकच. भेळ किंवा फुगा. तू सांग.' ठरलं की त्याच्याकडूनच वदवून घ्या. पैसे तेवढेच वेगळ्या खिशात ठेवा, मोबाईलवरून कोड स्कॅन करून पैसे द्यायच्या जमान्यात 'पैसे संपले' हे पोराला दिसतच नाही. उपाशी पोर घेऊन जाऊ नका. संध्याकाळी सहाला निघणार असाल तर पाचला पोटात काहीतरी घाला.

निघताना 'पाच मिनिटांत जायचं' याला अर्थ नाही, पाच मिनिटं म्हणजे किती ते त्याला कळत नाही. 'अजून तीन घसरगुंड्या' म्हणा, प्रत्येक घसरगुंडीला मोठ्यानं मोजा, तिसरी झाली की हात धरून चाला. 'बरं, एक शेवटची' म्हणालात की पुढच्या वेळी तुमची तिसरी ही तिसरी नसते.

लोळणं झालंच तर उचला आणि गर्दीतून बाजूला, कठड्यापाशी नाही, आतल्या बाजूला बाकावर बसा. थांबेपर्यंत बसा. थांबलं की ठरलेली भेळ ठरल्याप्रमाणे मिळते, ती रद्द करायची नाही, कारण ते आपण कबूल केलं होतं. मिळत नाही तो फक्त फुगा. बघणाऱ्यांतून एखादी मावशी 'अहो, घेऊन द्या की, केवढंसं ते' म्हणतेच. तिला नुसतं हसायचं.

एमआयडीसी_बाबा

मोबाईलवर कोण बोलणार? सगळ्या घरात नियम मोडतोय तो तिथंच.

बालरोग_राजारामपुरी

इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं सरळ आहे: दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, दोन ते पाच वयाला दिवसभरात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना, आणि जितका कमी तितका बरा. नियम टिकवायचा तर 'एक तास' असा ठेवू नका, तो कोण मोजत बसणार? 'दोन गोष्टी, संध्याकाळच्या दिव्यानंतर, हॉलमध्ये' असा ठेवा. आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ती चालू असेल तर संपण्याची जागाच येत नाही, आणि मध्येच हिसकावल्यावर जे रडं होतं त्यात चूक पोराची नसते. संपल्यावर बटण पोरालाच दाबू द्या. फोनची जागा ठरवा, चार्जरपाशी उंच फळीवर.

जेवताना फोन नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू. बाबा ताटावर रील बघतात आणि पोराला 'नाही' म्हणतात, तिथं बाकी काही समजवायला जाऊ नका.

जेवणावरून आठवलं. आपल्याकडे पोराला दुधावर वाढवायची हौस दांडगी. दिवसभरात लिटरभर दूध प्यायलेलं पोर पोळीभाजी खाणार कुठून? मग 'जेवायला त्रास देतो' म्हणून शिस्तीची चर्चा. एक वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, तेही जेवणाच्या तोंडावर नको, बाटलीनं तर नकोच. जास्त दुधानं लोह कमी पडतं, आणि लोह कमी असलेलं पोर चिडचिडं असतं.

शाहूपुरीची_सून

डॉक्टर, रडता रडता श्वास रोखून निळं पडणाऱ्या मुलांचं? त्या भीतीनं घरातलं कोणीच 'नाही' म्हणायला धजत नाही.

बालरोग_राजारामपुरी

हा प्रश्न महत्त्वाचा. सहा महिने ते सहा वर्षं या वयात काही मुलं रडताना श्वास रोखतात, ओठ निळे पडतात, क्वचित काही क्षण शुद्धही जाते, आणि मग श्वास आपोआप सुरू होतो. ते हे मुद्दाम करत नाहीत. तेवढ्या वेळात आडवं ठेवा, कुशीवर, डोक्याला लागणार नाही बघा. तोंडात चमचा-बोट काही घालू नका, गदागदा हलवू नका, पाणी मारू नका. पहिल्यांदा झालं तर डॉक्टरांना दाखवाच; फिट नाही ना ते बघावं लागतं आणि हिमोग्लोबिन-लोह तपासावं लागतं, लोह कमी असेल तर औषधानं हे प्रकार कमी होतात. मिनिटाच्या वर शुद्ध आली नाही, रडण्याशिवाय झालं, किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

निदान झाल्यावर मात्र नियम तसाच ठेवायचा. निळं पडू नये म्हणून सगळं देत गेलात तर एकाचे दोन त्रास होतात.

आणि हेही बघा. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, रोज अनेकदा पंधरा मिनिटांच्या वर चालणारं रडं, स्वतःला इजा करणं, चार वर्षांनंतरही कमी न होणारं लोळणं. यात शिस्तीच्या आधी कान, बोलणं आणि विकास तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते, तिथं तोंड उघडून सांगा.

तालमीतले_आजोबा

मारलं तर काय करायचं ते राहिलं. म्हणजे पोरानं दुसऱ्या पोराला. रट्टा नाही म्हणता, मग?

बालवाडीताई

आजोबा, त्यासाठी बाजूला बसवणं. तीन वर्षांच्या पुढच्यांना, आणि फक्त मारणं-चावणं यासाठी. प्रत्येक गोष्टीला वापरलं की बोथट होतं. जागा आधी ठरवा: हॉलमधलाच कोपरा किंवा पाट, जिथं टीव्ही दिसत नाही पण माणसं दिसतात. बाथरूम नाही, अंधारी खोली नाही, कडी लावणं तर नाहीच. वाक्य चार शब्दांचं: 'मारलंस, म्हणून पाटावर बसायचं.' वेळ वयाएवढी मिनिटं, तीन वर्षांच्याला तीन, चार वर्षांच्याला चार. त्याहून जास्त बसवून जास्त फायदा होत नाही. उठलं तर न बोलता हात धरून परत. पहिल्या दिवशी सात-आठ वेळा आणावं लागेल, आणि प्रत्येक वेळी तुम्ही एक वाक्य बोललात तर त्याला तो खेळ वाटेल. संपल्यावर 'आता काय शिकलास?' अशी उलटतपासणी नको. 'गाडी हवी असेल तर माग, असं' म्हणून मागायला लावा आणि खेळायला सोडा. दीड-दोन वर्षांच्याला पाट नको. हात धरून 'मारायचं नाही' आणि दोघांच्या मध्ये बसणं एवढंच.

पेठकर

जोतिबाची यात्रा, गणपती, मामाचं गाव. तिथं तर सगळंच सुटतंय. सुट्टीनंतर पहिले पाढे पंचावन्न.

वर्तनवही

सूट द्यायला हरकत नाही, फक्त ती आधी जाहीर करा आणि संपणार कधी ते सांगा. 'गणपती आहेत तोवर रात्री जागायचं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गोष्ट आणि दिवा.' रडल्यावर मिळालेली सूट आणि मोठ्यांनी आधी दिलेली सूट, यांतला फरक पोराला नीट कळतो. 'मामाकडे असं, आपल्याकडे असं' हेही कळतं; तिथं जाऊन वहिनीला नियम शिकवत बसू नका. तापात सगळे नियम बाजूला. ताप उतरून एक पूर्ण दिवस गेला की पुन्हा चालू.

परत आल्यावर दोन-तीन दिवस रडं वाढेल, ते धरूनच चाला. आणि खरंच कमी होतंय का ते मनानं ठरवू नका, राग आला की सगळंच जास्त वाटतं. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला रोज एक रेघ: आज किती वेळा, आणि त्या वेळी घरात कोण होतं. दोन आठवड्यांनी बघा. रेघा कमी होत नसतील तर नियम बदलायच्या आधी दुसरा रकाना बघा. बहुतेक वेळा सगळ्या रेघा एकाच माणसाच्या नावापुढे जमलेल्या असतात. ते त्या माणसाला भर जेवणात ऐकवायचं नाही, एवढं सांभाळा. बहुधा त्याला नियम झेपत नसतो, म्हणून त्याच्या मापाचा करून घ्यावा लागतो.

एमआयडीसी_बाबा

आणि पाळणाघर? आईबाप दोघं कामाला, दिवसाचे आठ तास पोर तिथं.

बालवाडीताई

पाळणाघराच्या मावशींना यादी देऊ नका, त्यांच्याकडे आणखी आठ पोरं असतात. आधी त्यांचे नियम विचारा आणि त्यातला एक घरी उचला, त्यांच्याच वाक्यात. मग आपला एक त्यांना सांगा. असे दोन नियम दोन्हीकडे सारखे झाले तरी पुष्कळ. न्यायला गेल्यावर दारात पोरासमोर 'आज त्रास दिला का?' विचारू नका, 'आज एका हाकेत काय केलं?' विचारा. मावशी उत्तर शोधायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे त्या नजरेनं बघतात. पहिली दहा मिनिटं घरी गेल्यावर कुठलाच नियम लावू नका, पोर दिवसभर धरून ठेवलेलं रडं तुमच्यासाठी राखून आणतं. मांडीवर घ्या, पाणी द्या, मग चप्पल रॅकमध्ये.